आईचा ई-रीडर, 37 जीबी पुस्तके आणि एक सर्व्हर : प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025

बाबांनी निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत घरातली 410 जुनी, प्रताधिकार संपलेली पुस्तके स्वतः स्कॅन केली. 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके), आणि तीही रंगीत. कारण समासात त्यांच्याच पेन्सिलच्या खुणा होत्या आणि त्या जशाच्या तशा राहायला हव्या होत्या. बाबा गेले, हार्ड डिस्क मागे राहिली. आईला ती पुस्तके वाचायची आहेत, पण संगणकापुढे बसून नाही, पलंगावर कुशीवर पडून. दादा आणि मी दोन वेगळ्या ठिकाणी राहतो, आम्हालाही ती हवीत. शिवाय आम्ही वेळोवेळी विकत घेतलेली, डीआरएम (नक्कल रोखणारे कुलूप) नसलेली 950 ईपब, म्हणजे पडद्यानुसार मजकूर जुळवून घेणारी ई-पुस्तके. सगळे मिळून 37 जीबी.

म्हणजे निवडायच्या गोष्टी दोन: आईसाठी ई-रीडर, आणि तिघांना कुठूनही पुस्तक उतरवता येईल असा सर्व्हर. क्लाउड ड्राइव्हचे फोल्डर वाटून पाहिले होते. मोबाइलवर जमते, ई-रीडरवर जमत नाही. ई-रीडरला पुस्तकांची यादी हवी, मुखपृष्ठ हवे, बोट लावले की पुस्तक उतरायला हवे. यासाठी ओपीडीएस नावाची पद्धत आहे. सर्व्हर तिच्यातून यादी देतो, वाचक-अॅप ती दाखवते.

12 जानेवारी

पहिली चूक आजच झाली. सवलत संपत आली होती म्हणून 6 इंची ई-रीडर घेऊन टाकला. पडदा सुरेख, 300 पीपीआय (इंचाला 300 बिंदू), ईपब अगदी छापील पानासारखे दिसते. मग बाबांचे एक स्कॅन उघडले. आईने चष्मा वर केला, खाली केला, आणि काही न बोलता ई-रीडर माझ्या हातात परत दिला.

मी आमच्या सर्वांत सोप्या फाइलवर यंत्र पसंत केले होते. पाहायला हवी होती सर्वांत अवघड फाइल.

18 जानेवारी

या वेळी विकत काहीच घेतले नाही. कागद आणि कात्री घेऊन बसले.

ई-रीडरच्या इंचांचा आकडा हा पडद्याच्या कर्णाचा असतो. 4 बाय 3 प्रमाण धरले तर 6 इंची पडदा 9.1 × 12.2 सेंमी भरतो, 7.8 इंची 11.9 × 15.8 आणि 10.3 इंची 15.7 × 20.9. बाबांची बहुतेक पुस्तके डेमी आकाराची, पान साधारण 14 × 21.6 सेंमी. अख्खे पान समासासकट बसवायचे तर 6 इंचीवर अक्षर मूळच्या 56 टक्के होते, 7.8 वर 73 आणि 10.3 वर 97.

एकाच स्कॅनचे पान या तीन मापांत छापले, गत्त्यावर चिकटवले आणि आईला रात्रीच्या दिव्यात मोठ्याने वाचायला दिले. 56 वर ती अडखळली. 73 वर वाचले, पण तिसऱ्या परिच्छेदाला डोळे चोळले. 97 वर थांबलीच नाही.

मजकुराबाहेरचा समास कापून टाकला तर अक्षर मोठे होते, हे खरे. पण बाबांच्या खुणा समासातच आहेत. तो कापायचा नाही हे आज ठरले.

26 जानेवारी

एक आठवडा के2पीडीएफऑप्टमध्ये गेला. हा प्रोग्रॅम स्कॅन केलेल्या पानावरच्या ओळी आणि शब्द वेगळे करून लहान पडद्यासाठी नव्याने रचतो. सुट्या छपाईवर काम बरे झाले. दाट छापलेल्या पुस्तकांत मात्र वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकलेला असतो. त्या दोन ओळी प्रोग्रॅमला एकच वाटल्या, आणि पडद्यावर अर्धी ओळ अशी आली की शिरोरेखा एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे. ओळींमधल्या अंतराचे आकडे बदलत पाच संध्याकाळी घालवल्या. एक पुस्तक नीट झाले की पुढचे बिघडायचे. सोडून दिले.

9 फेब्रुवारी

10.3 इंची घ्यायचा जवळजवळ ठरला होता. मग वजन पाहिले. 6 इंची कोबो क्लारा बीडब्ल्यू 174 ग्रॅमचा, 10.3 इंची कोबो इलिप्सा 2ई 390 ग्रॅमचा. त्या मापाच्या गत्त्याला तेवढेच वजन बांधून आईला दिले, म्हटले रोज वाचतेस तशी पडून धर. वीस मिनिटांत तिने हात बदलला, पंचविसाव्या मिनिटाला गत्ता छातीवर टेकवला. तिचे उजवे मनगट आधीच दुखरे आहे. 10.3 बाद.

उत्तर मिळाले ते यंत्र आडवे धरल्यावर. 7.8 इंची पडदा आडवा केला की रुंदी 15.8 सेंमी. पानाची रुंदी 14. म्हणजे समासासकट अख्खी रुंदी बसते आणि अक्षर मूळच्या 113 टक्के होते! पान दोन टप्प्यांत वाचायचे: वरचा अर्धा, मग खालचा अर्धा. वरखालची थोडी कोरी जागा काढली की दोन टप्पे बरोबर पुरतात. 6 इंचीवर हेच केले तर 87 टक्के मिळतात, आईच्या डोळ्यांना ते कमी पडतात.

रंगीत पडद्याचाही विचार केला, खुणांसाठी. कॅलिडो 3 पडद्यावर काळेपांढरे 300 पीपीआय असते, रंग मात्र 150 पीपीआय. मैत्रिणीकडचा आणून पाहिला. पार्श्वभूमी करडी दिसते, समोरचा दिवा सतत लावावा लागतो. पेन्सिल करडीच असते, तिला रंगीत पडदा कशाला? साधा काळापांढरा 7.8 इंची घ्यायचे ठरवले. 6 इंची वहिनीला दिला. ती फक्त ईपब वाचते आणि त्यावर खूश आहे.

27 फेब्रुवारी

कोणत्या कंपनीचा घ्यावा याबद्दल आमच्या घरी बराच वाद झाला. मी एकच प्रश्न धरून बसले: उद्या हे यंत्र बदलायचे झाले तर पुस्तके बाहेर कशी काढणार? विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकायची सोय अॅमेझॉनने कालच, 26 फेब्रुवारीला, बंद केली. आपल्या स्वतःच्या फाइली किंडलवर अजूनही पाठवता येतात, पण किंडलच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ओपीडीएस नाही. कोरीडर हे मुक्त वाचक-अॅप कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरवर बसते. किंडलवर त्यासाठी आधी जेलब्रेक करावे लागते, म्हणजे कंपनीने घातलेली बंधने तोडावी लागतात, आणि आईच्या यंत्रावर तो उद्योग मला नको होता. त्यामुळे कोरीडर सरळ बसेल तेच यंत्र. बाकी सगळे गुण त्यानंतर.

8 मार्च

सर्व्हरच्या बाबतीतली चूक पहिलीपेक्षा महाग पडली. शेअर्ड होस्टिंगचे, म्हणजे अनेकांनी वाटून वापरायच्या सर्व्हरवरच्या जागेचे, वर्षभराचे भाडे आगाऊ भरले, कारण जाहिरातीत जागा अमर्याद होती. कॅलिबर-वेब हा पुस्तकांचा संग्रह वेबवरून देणारा प्रोग्रॅम चालवायला गेले तेव्हा कळले की तिथे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम ठेवता येत नाही, काही मिनिटांत तो बंद केला जातो. मग कॉप्स वापरून पाहिले. ते पीएचपी या वेबच्या भाषेत लिहिलेले आहे आणि कॅलिबरच्या (संगणकावर ई-पुस्तके सांभाळणारा प्रोग्रॅम) संग्रहातून ओपीडीएस यादी देते, त्यामुळे अशा होस्टिंगवर चालते. चाललेही. स्कॅन चढवायला लागल्यावर चौथ्या दिवशी ईमेल आले: जागा संकेतस्थळासाठी आहे, फाइलींच्या साठ्यासाठी नाही. अटींमध्ये हे लिहिलेले होते, मी वाचले नव्हते. पैसे परत मिळायची मुदत 30 दिवस, मी 41व्या दिवशी मागितले. वर्षाचे भाडे बुडाले.

हेच करायला निघाला असाल तर सेवेच्या अटींमधला वापराचा परिच्छेद आधी वाचा आणि पहिला महिना महिन्याच्याच भाड्याने घ्या. वार्षिक सवलत महिनाभराने घेतली तरी काही बिघडत नाही. पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर वेगळा असू शकतो, दोन्ही शेजारी लिहून पाहा.

22 मार्च

आता व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा फक्त आपल्यासाठीचा आभासी हिस्सा, तोही तासाच्या हिशोबाने भाडे घेणारा. दोन ठिकाणी एकेक घेतला. 1 जीबी रॅम दोन्हीकडे, आणि दोन्ही दिवसा वेगवान. रात्री नऊला, म्हणजे आई पुस्तक उघडते त्या वेळी, दोन्हीकडून एकच 85 एमबीचे स्कॅन आठवडाभर रोज उतरवून वेळ लिहिली. एकाची वेळ दररोज सारखी आली. दुसऱ्याची एक दिवस 20 सेकंद, दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे. पहिला ठेवला.

त्यातही एक संध्याकाळ गेली. फक्त आयपीव्ही6, म्हणजे इंटरनेटवरचा नव्या पद्धतीचा पत्ता असलेला सर्व्हर स्वस्त होता म्हणून तो घेतला. आईकडच्या राउटरला आयपीव्ही6 मिळतच नाही, सर्व्हर तिथून दिसेना. जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही4 पत्त्यासाठी वेगळे भाडे भरले.

नाकारलेला दुसरा सर्व्हर मी नुसता बंद करून ठेवला, आणि बंद काळातल्या 12 दिवसांचेही भाडे लागले. मशीन बंद असले तरी डिस्क आणि पत्ता आपल्या नावावर अडकलेला असतो. नको असेल तर काढूनच टाकावा लागतो.

आणि डिस्क 25 जीबीची. आपली पुस्तके 37. प्रत्येक जागी मी रॅम तपासत राहिले, डिस्ककडे पाहिलेच नाही.

6 एप्रिल

मोठ्या डिस्कचे भाडे दुप्पट होते. त्यापेक्षा स्कॅन लहान करायचे ठरवले. मूळ प्रती घरच्या दोन वेगळ्या डिस्कवर जशाच्या तशा राहतील, सर्व्हरवर वाचायच्या प्रती. ई-इंकचा पडदा करड्याच्या 16 छटा दाखवतो. तिथे रंगीत स्कॅन पाठवणे म्हणजे नुसते ओझे.

एका रात्री घोस्टस्क्रिप्ट हा पीडीएफ लहान करणारा प्रोग्रॅम लावून झोपले. सकाळी 85 एमबीची फाइल 6 एमबीची झाली होती. मी त्या आनंदात दोन रात्री मशीन चालू ठेवून सगळी 410 पुस्तके उरकली. आज आईने एक उघडले आणि विचारले, “अगं, यांचं लिहिलेलं कुठं गेलं?”

मी शुद्ध काळेपांढरे केले होते, प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. छापील शाई काळ्यात गेली. पेन्सिल फिकट, ती पांढऱ्यात गेली. समास स्वच्छ कोरे. एका पानावर मूळ स्कॅनमध्ये बाबांनी एका ओळीला उभी रेघ मारून शेजारी “पुन्हा पाहणे” असे लिहिले आहे. माझ्या प्रतीत तिथे फक्त “प” ची काठी उरली होती, जिथे त्यांनी पेन्सिल जरा दाबली असावी.

मूळ फाइली हातात होत्या म्हणून निभावले. आज त्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

12 एप्रिल

करड्या रंगात, पडद्याला पुरेल एवढे रेझोल्यूशन ठेवून सगळे पुन्हा केले. सरासरी 24 एमबी, एकूण 9.8 जीबी. ईपब धरून 12 जीबीच्या आत, 25 च्या डिस्कवर ऐसपैस. आधी आठ पाने निवडून, त्यातल्या सर्वांत फिकट खुणेवर सेटिंग तपासले. कोरीडरमध्ये पीडीएफसाठी कॉन्ट्रास्ट वाढवता येतो. थोडा वाढवल्यावर “पुन्हा पाहणे” पूर्ण वाचता आले. फायदा आणखी एक झाला: 85 एमबीच्या फाइलीत पान उलटायला चार सेकंद लागत होते, आता एक.

20 एप्रिल

कॅलिबर-वेब बसवले, पुढे बाहेरच्या मागण्या आत पोहोचवणारा एनजिनएक्स, आणि सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एनक्रिप्टचे प्रमाणपत्र. तीन गोष्टी लिहून ठेवते.

कॅलिबर-वेबचा सुरुवातीचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेला ठरावीक असतो. सर्व्हर बाहेर उघडण्याआधी तो बदला, नंतर नाही. माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये पहिल्याच रात्री अनोळखी पत्त्यांवरून एसएसएचने (दुरून सर्व्हर चालवायची वाट) शिरण्याचे प्रयत्न दिसले. पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त किल्लीच्या फाइलने ठेवला.

दादाला पुस्तक चढवताना 413 ही त्रुटी येत राहिली. एनजिनएक्स मुळात 1 एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही. मर्यादा 200 एमबी केली.

पीडीएफचे ईपब करायचा प्रयत्न सर्व्हरवर केला आणि 1 जीबी रॅम संपून कॅलिबर-वेबच मारले गेले. 2 जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दिला, आणि रूपांतर यापुढे घरच्या संगणकावरच करायचे ठरवले. सर्व्हरने फक्त पुस्तके द्यावीत.

4 मे

ईपबची पाने भरभर उलटावीत म्हणून मी कोरीडरमध्ये फॉन्ट कर्निंग (अक्षरे शेजारी कशी बसवायची ते) “फास्ट” वर ठेवले होते. चार दिवस आई तशीच वाचत होती. मग फोन आला, “जोडाक्षरं फुटलीयत गं, ‘वाऱ्यावर’ हा शब्द सुटा सुटा दिसतोय.” कर्निंगच्या “बेस्ट” पर्यायात हार्फबझ नावाची प्रणाली अक्षरांची पूर्ण जुळणी करते. देवनागरीला तोच लागतो. परत “बेस्ट” केले, ऱ्याची कोयती जागेवर आली. पाने उलटण्याच्या वेगात मला फरक दिसला नाही.

मग श आणि ल. काही पुस्तकांत ते हिंदी वळणाचे दिसत होते. कारण ईपबच्या आत भाषा इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेली होती. फॉन्टमध्ये मराठी वळण असते, पण भाषा मराठी आहे हे फाइलने सांगायला हवे. कॅलिबरमध्ये 300 पुस्तकांची भाषा बदलली आणि काहीच फरक पडला नाही, कारण तो बदल कॅलिबरच्या नोंदवहीत होतो, फाइलीत नाही. “एम्बेड मेटाडेटा” केल्यावरच फाइल बदलते. एक दिवस गेला. आईने आता नोटो सेरिफ देवनागरी कायम केला आहे.

37 ईपब वेगळीच निघाली. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर रोमन चिन्हांचा कचरा होतो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, युनिकोड नाहीत. ओळखायची सोपी रीत: एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. पुस्तक विकत घ्यायच्या आधी नमुना प्रकरण मिळत असेल तर त्यावरच करून पाहा.

1 जून

दादाची 14 पुस्तके मी पुसली. संग्रहाची मुख्य प्रत माझ्या संगणकावर होती आणि दर रविवारी मी ती सर्व्हरवर आरसिंक या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने पाठवत होते, इकडे नसलेले तिकडून काढून टाकायच्या पर्यायासह. दादाने ती 14 थेट वेबवरून चढवली होती, माझ्याकडे नव्हती. फाइली त्याच्याकडे होत्या, पण त्यांना लावलेले विषय आणि लेखकांची दुरुस्ती गेली, त्याच्या तीन संध्याकाळींचे काम. त्याची माफी मागितली. आजपासून मुख्य प्रत सर्व्हरवरची. घरचा संगणक फक्त तिची नक्कल घेईल.

19 जुलै

दुपारी दादाचा संदेश: मोबाइलवर धोक्याचा इशारा येतोय, उघडू का? प्रमाणपत्र आज संपले. लेट्स एनक्रिप्टचे हे प्रमाणपत्र 90 दिवसांचे होते आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवे करतो. पण त्याच्या तपासणीला पोर्ट 80 (सर्व्हरवरचे साध्या वेबचे दार) लागते, आणि मी मे महिन्यात सुरक्षिततेसाठी ते बंद केले होते. महिनाभर नूतनीकरण मुकाट्याने फसत होते. इशाऱ्याचे ईमेल येईल या भरवशावर होते, पण लेट्स एनक्रिप्टने ती ईमेल 4 जूनपासून बंद केली आहेत. पोर्ट उघडले, पाच मिनिटांत झाले. आता घरचा संगणक रोज तारीख तपासतो आणि 20 दिवस उरले की मला कळवतो.

3 ऑगस्ट

बॅकअप मार्चपासून रेस्टिक या प्रोग्रॅमने चालू आहे. परत आणून कधी पाहिला नव्हता. आज तासाच्या भाड्याचा नवा सर्व्हर घेतला आणि शून्यातून उभा करायला बसले.

पुस्तके 50 मिनिटांत आली. कॅलिबर-वेब उघडले तर आई नाही, दादा नाही, कुणी काय वाचले याची नोंद नाही. ती माहिती ॲप डॉट डीबी या वेगळ्या फाइलीत असते, पुस्तकांच्या फोल्डरबाहेर. बॅकअपमध्ये ती नव्हतीच. शिवाय मेटाडेटा डॉट डीबी या कॅलिबरच्या नोंदवहीच्या एका रात्रीच्या प्रतीत डेटाबेस खराब असल्याची त्रुटी आली. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलली की असे होऊ शकते. एसक्यूलाइट या त्या डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने आधी स्वच्छ प्रत काढायची आणि तीच रेस्टिकला द्यायची, असे दोन्ही फाइलींसाठी बदलले. दुसऱ्यांदा सगळे आले. आईचे अर्धे वाचलेले पुस्तकही. सर्व्हर काढून टाकला, नुसता बंद नाही केला.

24 ऑगस्ट

वेळेचा हिशोब: साधारण 140 तास. त्यातले 60 तरी चुकांचे, आणि निम्म्याहून जास्त फेब्रुवारीच्या आधी आणि मार्चमध्ये गेलेले. पैशांत बुडाले ते शेअर्ड होस्टिंगचे एक वर्ष आणि 12 दिवसांचे भाडे. स्कॅनमध्ये शोध घेता यावा म्हणून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणे) करायचा विचार होता. पानाला सहा सेकंद, सुमारे 82,000 पाने, म्हणजे 137 तास मशीन चालवायचे. आईने शोध एकदाही मागितलेला नाही, म्हणून ते नंतर.

37 पैकी 22 ईपब युनिकोडमध्ये आणून झाली, 15 बाकी आहेत. त्यांत रूपांतरानंतर ऱ्या आणि र्या यांची गल्लत हाताने दुरुस्त करावी लागते. एका पुस्तकाला दोन तास धरा.

आईचे नवे मागणे आले आहे. बाबांनी ज्या पानांवर “पुन्हा पाहणे” लिहिले आहे ती पाने तिला एकत्र हवी आहेत. यादी ती स्वतः करतेय, वहीत: पुस्तकाचे नाव, पान क्रमांक. आजपर्यंत 31 पाने झाली. सप्टेंबरमध्ये मी ती पाने मूळ रंगीत स्कॅनमधून काढून एक वेगळी फाइल करणार आहे.